म्हाताऱ्यांचे ताट

बुलढाणा जिल्ह्याला माणसे जेवू घालणे कुणी शिकवायला नको. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचताना, आणि त्यांच्या संस्थानात आजही भक्तांना विनामूल्य महाप्रसाद मिळतो. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या पंगतीला ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढावी लागते, एवढी माणसे बसतात. अशा जिल्ह्यात एकट्या म्हातारीने सकाळचीच भाकर रात्री पाण्यात भिजवून खावी, हे आम्हाला सहन होत नाही. दिवाळी सरली की तरणी पोरे पुण्याला, सुरतेला परततात आणि कितीतरी घरांत एकटे म्हातारे माणूस उरते.

धान्य मिळते, हे खरे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळू लागले, अंत्योदय कार्डाचे 35 किलो कायम राहिले; जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या निराधारांसाठी 2000 साली अन्नपूर्णा योजना आली, महिन्याला 10 किलोची. पुढच्याच वर्षी, 28 नोव्हेंबर 2001 ला, सर्वोच्च न्यायालयाने अशा अन्न योजनांचा लाभ हा लोकांचा हक्क ठरवला. शिवाय श्रावणबाळ योजनेचा महिन्याला 1,500 रुपये पगार.

पण पोत्यातला गहू ताटात येईपर्यंत किती वाट चालावी लागते! आधी कंट्रोलपर्यंत, म्हणजे रेशन दुकानापर्यंत जायचे. जन्मभर निंदण-खुरपण करून, कापूस वेचून बोटे गुळगुळीत झालेली. यंत्रावर अंगठा लागत नाही, ‘उद्या या’ ऐकून परतायचे. आपल्या वतीने दुसऱ्याला धान्य आणायला नेमता येते, हे अनेकांना कुणी सांगितलेलेच नसते. मग गिरणी, सरपण, डाळ, तेल. थरथरत्या हाताने पोळी लाटायची ती वेगळीच. त्यात धान्य कसे येईल ते आपल्या हाती नाही. 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. ज्याची सारी भिस्त त्याच पोत्यावर, त्याने दुसरा गहू आणायचा कुठून?

म्हाताऱ्यांना शिजलेले अन्न हवे आहे. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 साली तामिळनाडूत मुलांसाठी माध्यान्ह भोजन वाढवले आणि पुढच्याच वर्षी त्या पंगतीत वृद्धापकाळ पेन्शन घेणाऱ्यांनाही बसवले. ओडिशाने कालाहांडी-बोलांगीरच्या पट्ट्यात निराधार वृद्धांसाठी अंगणवाडीत अन्न शिजवले. आपल्याकडेही जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार शिजतोच. त्याच भांड्यात आणखी दहा-बारा माणसांचे शिजवणे अवघड नाही. रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुटीत मात्र शाळा बंद, आणि भूक तर रोजची. त्या दिवसांची जबाबदारी बचत गटांनी घ्यावी, ग्रामपंचायतीने खर्च उचलावा, आणि ज्याला येववत नाही त्याच्या दारी डबा जावा.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, अशी वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे. गावात एकटे राहणारे कोण, कुणाचा अंगठा लागत नाही, कुणाला चूल पेटवणे होत नाही, याची यादी तिथेच करा. आणि शाळेत शिजवणाऱ्या ताईंवर हे वाढीव काम टाकाल, तर त्यांचे मानधनही त्याच ठरावात वाढवा.