बुडालेल्या दुकानाचा जमाखर्च

इंटरनेटवर स्वतःच्या पैशानें काढलेला धंदा बुडाला म्हणजे तो काढणारा गृहस्थ लेखणी हातीं घेतो आणि अपयशानें आपणांस काय शिकविलें हें जगाला सांगूं लागतो, ही आतां रूढीच होऊन बसली आहे. असे लेख आम्ही पुष्कळ वाचले. गिऱ्हाइकाला आधीं विचारावयास हवें होतें, माल बाजारांत लौकर आणावयास हवा होता, भागीदार पारखून घ्यावयास हवा होता, हे त्यांतील ठरलेले धडे. ते खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, ज्या पैशावर हें सारें शिक्षण झालें तो पैसा कोणाचा होता, तें या लेखांत कोठेंच लिहिलेलें नसतें.

'स्वतःचें भांडवल' हा शब्दच मुळीं फसवा आहे. मध्यम स्थितीच्या घरांत नुसतें स्वतःचें असें फारसें कांहीं नसतें. तें भांडवल म्हणजे वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतील रक्कम, आईच्या पाटल्या, आणि तीन वर्षें सगळें घर जिच्या पगारावर चाललें त्या पत्नीची नोकरी. त्या पगाराला मात्र कोणी गुंतवणूक म्हणत नाहीं! सर्व्हरचें भाडें आणि जाहिरातींचा खर्च पैपैनें मांडला जातो. पण चालकानें इतके महिने स्वतः कांहींच वेतन घेतलें नाहीं, ही बाब खर्चाच्या बाजूला येतच नाहीं. ती मांडली असती तर पुष्कळ धंदे पहिल्याच वर्षीं तोट्यांत दिसले असते आणि वेळींच आवरतें घेतां आलें असतें.

'लौकर बुडा, पुन्हां उभे रहा' हा उपदेश कॅलिफोर्नियांतून आला. तेथें त्याला अर्थ आहे. तेथील भांडवलदार आपला पैसा अनेक कंपन्यांत वांटून ठेवतो. बहुतेक बुडणार हें गृहीतच धरतो, आणि एखादी तरली म्हणजे तिच्यांत सारें भरून काढतो. पेट्स डॉट कॉम २००० सालीं बुडाली, घरपोंच किराणा देणारी वेबव्हॅन २००१ सालीं. त्यांत गेले ते गुंतवणूकदारांचे व भागधारकांचे पैसे. ज्याच्या घरीं एकच डाव खेळण्यापुरता पैसा आहे, त्याला हा उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा?

यावर कोणी मेलचिंपकडे बोट दाखवील. बाहेरचा पैसा न घेतां अटलांटा शहरांत ती २००१ सालीं सुरू झाली, आणि २०२१ सालीं इंट्युइट कंपनीनें ती सुमारें १२ अब्ज डॉलरला घेतली, हें खरें. पण तिच्या चालकांचा वेबसाइट तयार करून देण्याचा धंदा आधींपासून चालू होता आणि मेलचिंप हें कित्येक वर्षें त्यांचें जोडकाम होतें. शिकागोच्या ३७ सिग्नल्सचें 'बेसकँप' २००४ सालीं निघालें, तेंही असेंच, दुसऱ्या चालत्या कामाच्या मिळकतीवर. तेथें 'स्वतःचा पैसा' याचा अर्थ गिऱ्हाइकानें दिलेला पैसा असा होता. नोकरी सोडून, साठविलेलें मोडून खाणाऱ्या तरुणाला या उदाहरणांनीं धीर देणें हा आमच्या मतें निव्वळ अप्रामाणिकपणा आहे.

आणखी एक गोष्ट, जी धडे सांगणारे सहसा सांगत नाहींत. आपल्याकडे दुकान बंद केलें तरी कंपनी बंद होत नाहीं. एका रुपयाची विक्री नसली तरी खाजगी मर्यादित कंपनीला हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि वार्षिक पत्रकें दाखल करावीं लागतात. जुलै २०१८ पासून विलंबाला दर पत्रकामागें दिवसाला १०० रुपये अशी आकारणी लागू झाली. दोन पत्रकें वर्षभर राहिलीं तर ७३,००० रुपये झाले. नोंदवहींतून नांव काढून घेण्याच्या अर्जाचें शुल्कच २०१९ सालीं १०,००० रुपये करण्यांत आलें. वेबसाइट बंद झाल्यावर दोन वर्षांनीं ही रक्कम घरांत समजते, आणि ती भरावयाला पुन्हां त्याच पगाराकडे पहावें लागतें. पुढें जो कोणी असा लेख लिहील त्यानें धड्यांच्या आधीं हे आंकडे द्यावे: कोणाकडून किती घेतले, किती महिने वेतनावांचून काढले, बंद करावयाला किती लागले, आणि त्यांतले घरीं परत किती गेले.