चौकातली ताई आणि मशिदीचं दार

कोंढव्याहून कॅम्पात जाताना ज्या चौकात मी रोज अडकते, तिथे गेले काही महिने एक महिला कॉन्स्टेबल उभी असते. तोंडाला रुमाल, हातात ई-चलानचं मशीन. उलट्या दिशेने आलेल्या पोराला तिने अडवलं की तो आधी आसपास एखादा पुरुष हवालदार आहे का ते बघतो. नसला की आवाज चढवतो. टॉमटॉमच्या 2024 च्या यादीत पुणे जगातलं चौथं सर्वांत संथ शहर होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं. आपण वैतागून का होईना, पुढे निघून जातो. ती तिथेच असते.

हे सगळं आता जास्त दिसतं, कारण माझी भाची बारावी झाली आणि पोलीस भरतीला बसायचं म्हणते. उंची 155 सेंटीमीटरच्या वर आहे, आठशे मीटर पळायचा सराव चालू आहे, गोळाही फेकते. दुल्हेभाईंचा सवाल एकच: "भरचौकात खडी रहेगी? लोगां क्या बोलेंगे?"

हजरत उमर यांनी मदीनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिंत अब्दुल्लाह यांना नेमलं होतं, असं आपल्या जलशांतून अभिमानाने सांगितलं जातं. अभ्यासकांमध्ये त्यावर मतभेद आहेत, ते असोत. पण ही रिवायत ऐकून 'सुब्हानल्लाह' म्हणणारे घरी आल्यावर चौकाचं नाव काढू देत नाहीत. बाजार काय आणि चौक काय, गर्दीत दांडग्याने दुबळ्याला तुडवू नये हे बघायचं काम आहे.

भाचीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "खाला, तिथे बाथरूम कुठे असतं?"

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंनाच विचारलं. त्या हसल्या. "पाणीच कमी पिते." एका दवाखान्यातली बाई ओळखीची आहे, ती असेल त्या दिवशी सोय होते. जानेवारी 2022 मध्ये राज्यात महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायचा आदेश निघाला. चांगलाच होता. पण सणावाराच्या बंदोबस्ताला त्यातून सवलत होती, आणि पुण्यात बंदोबस्ताचे दिवस काही थोडे नसतात. शिवाय बिनापाण्याचे आठ तासही आठच असतात.

ही सोय करणं महापालिकेचं आणि पोलीस खात्याचं काम, त्यात वाद नाही. पण त्या चौकापासून शंभर पावलांवर आपली मशीद आहे. वुजूखाना आहे, टाकी भरलेली असते, चार संडास आहेत. बायकांसाठी दार नाही. मीसुद्धा तिथे कधी आत गेलेले नाही. मशिदीत बायकांना प्रवेश मिळावा म्हणून पुण्यातलंच एक दांपत्य 2019 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, आणि बायकांना मनाई नाही असं पर्सनल लॉ बोर्डाने तिथे लिहून दिलं. कोर्टात दिलेलं उत्तर आमच्या गल्लीपर्यंत पोचायचं आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हासुद्धा इमानाचा भाग, ही हदीस आपल्याला लहानपणी शिकवतात. दिवसभर तेच करणाऱ्या बाईला आपण एक संडास उघडून देऊ शकत नाही?

ट्रस्टींपैकी एका चाचांना मी गाठलं. मागच्या बोळातून स्वतंत्र दार काढता येईल, म्हणाले. खर्चाचं बघू, कमिटीत विषय घेतो. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण ती आपली आहे का?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी कदाचित माझी भाची असेल.