पाहुण्याचा हात सोसणारं पीक

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला ठरलेला प्रश्न येतो : स्ट्रॉबेरीच्या शेतात कधी जायचं? पुण्या-मुंबईच्या मुलांनी मोबाइलवर सगळं आधीच पाहिलेलं असतं. लालभडक फळं, हातात टोपली, मागे डोंगर. त्यांना सांगावं लागतं, बाळांनो, आत्ता गेलात तर रोपं दिसतील, फार तर चार पांढरी फुलं. फळाला अजून अवकाश आहे. मुलांची तोंडं उतरतात. तोवर कासच्या पठारावरची फुलंही सरलेली असतात, ठोसेघरचं पाणी बारीक झालेलं असतं. सज्जनगड आणि अजिंक्यतारा झाले, कंदी पेढे घेऊन झाले, की यजमानाची पंचाईत होते.

याच दिवसांत न्यू जर्सीहून माझ्या भाचीचे फोटो येतात. ऑक्टोबर महिना, अंगात स्वेटर, दोन्ही पोरं एकेका भोपळ्यावर बसलेली. तिकडे शेतावर जाऊन आपल्या हाताने भोपळा निवडायचा, तोडायचा, ढकलगाडीत घालून काट्यावर आणायचा आणि वजनावर पैसे मोजायचे. शिवाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या पेंढ्यांवर बसून फेरी, मक्याच्या शेतात काढलेला भुलभुलैया, गरम सफरचंदाचा रस. माझी ताई कराडला असते. तिने लेकीला फोनवर विचारलं, "अगं, डांगर बाजारात मिळत नाही का तिकडं?"

"मिळतं की. उलट स्वस्त मिळतं."

"मग शेतात जाऊन, वर पैसे देऊन, आपणच तोडायचं?"

"आई, मजा असते ती."

ताईला काही हे पटलं नाही. तिचं लहानपण आणि माझं एकाच घरात गेलं. परड्यातल्या मांडवावरून नाहीतर गोठ्याच्या पत्र्यावरून डांगर उतरवणं हे आमच्या लेखी काम होतं, आणि कामाचे पैसे आपण द्यायचे नसतात, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय की त्या अमेरिकन शेतकऱ्याने पीक फार विचाराने निवडलंय. शेतात पाहुणे बोलवायचे तर आधी एक बघावं लागतं : त्या पिकाला परक्याचा हात सोसतो का?

स्ट्रॉबेरीचंच बघू. पसरणी घाट चढून पाचगणीत आलं की भिलार, गुरेघर, मेटगुताड या पट्ट्यात डिसेंबरपासून रस्त्याकडेच्या शेतांवर पाट्या लागतात. पैसे भरा, आत या, तोडा, तोलून घेऊन जा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१७ च्या मे महिन्यात भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तेव्हापासून घरात पुस्तकं आणि परसात स्ट्रॉबेरी असा दुहेरी पाहुणचार करायची या गावाला सवय झाली आहे. पाहुणे कसे सांभाळावेत हे इथल्या माणसांना शिकवायची गरज नाही.

पण या पिकाचं गणित नाजूक आहे. मातृरोपं परदेशातून येतात. त्यांच्या फुटव्यांपासून वाईच्या बाजूला, म्हणजे घाटाखाली, रोपवाटिकांत रोपं वाढवतात. डोंगरावरचा मुसळधार पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर लागण होते. वर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फळ सुरू होतं ते एप्रिलपर्यंत चालतं. या सगळ्या काळात एकाच रोपावर फूल, हिरवी कळी, पांढुरकं फळ आणि लाल फळ एकदम असतं. म्हणजे पाहुण्याने फोटोसाठी पाय वाफ्यावर ठेवला तर आजचं एक फळ जातंच, पुढच्या पंधरवड्याचीही दोन-चार जातात. स्ट्रॉबेरी ओढून काढली तर कधी देठासकट कळ्यांचा घोसच हातात येतो. रोज पहाटे तोडणी करणाऱ्या बाया अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यात देठ धरून टक्कन खुडतात, थोडा देठ फळाला ठेवतात आणि फळाला दाबून हात लावत नाहीत. त्यांचं बघून एकदोनदा करायला जमतं, पण कमरेत वाकून तास-दोन तास ते करणं ही दुसरीच गोष्ट.

तरीही शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडण्याला एक खरं कारण आहे, आणि ते फोटोपेक्षा मोठं आहे. हे फळ तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं. स्ट्रॉबेरीचा रंग टोपलीत थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. मुंबईच्या बाजारापर्यंत टिकायचं तर शेतकऱ्याला ती पुरती लाल व्हायच्या आधी तोडावी लागते. तेव्हा देठापर्यंत लाल झालेलं, उन्हाने कोमट लागणारं फळ खायचं असेल तर शेतातच जावं लागतं. असं फळ पनेटमध्ये भरून कुणी लांब पाठवत नाही, कारण ते पोहोचतच नाही. फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारून, फळ धुऊन खावं, एवढं मात्र पाळावं.

म्हणजे स्ट्रॉबेरीला पाहुणा हवा आहे, पण शिकलेला पाहुणा. आपल्याकडून जाणाऱ्या गाड्यांत तो कमी असतो. एका शेतकऱ्याने मला सांगितलं, "ताई, आम्ही लोकांना रस्त्याकडचे चार वाफेच दाखवतो. आतलं रान बाजाराचं." त्याचं बरोबर आहे. दाखवायचं रान आणि पोटाचं रान त्याने वेगळं केलं आहे.

आता सांगलीकडे जाऊ. तासगाव तालुका म्हणजे द्राक्षांचं माहेर. 'तास-ए-गणेश' ही जात तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलींतून निवडून काढली. सांगलीच्या बेदाण्यालाही मानांकन आहे. एवढं वैभव असून तिथे 'या आणि तोडा' अशी पाटी सहसा दिसत नाही. कारण बागायतदाराला विचारा. द्राक्षमण्यावर जी पांढुरकी साय असते तिच्यावर त्याचा भाव ठरतो, आणि बोट लागलं की ती पुसली जाते. एका घडावर पाच बोटं फिरली की तो घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी, औषधांच्या अंशाची तपासणी, सगळं काटेकोर. अशा बागेत सुट्टीला आलेली गाडीभर माणसं सोडायला कोण तयार होईल? शिवाय ऑक्टोबर म्हणजे तिथे फळछाटणीचे दिवस. वेल बोडके, द्राक्षाला चार महिने बाकी. दिवाळीच्या पाहुण्याला तिथेही काही नाही.

जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातला हुरडा चांगला, पण तो थंडी भरल्यावर. आगटीभोवती बसायचं, गरम हुरडा हातावर घ्यायचा, शेंगदाण्याची चटणी तोंडी लावायची. तिथे कणसं भाजणारा आणि मळणारा घरचाच असतो, पाहुणा खातो आणि वाहवा करतो. पीक सुखरूप राहतं. म्हणूनच हुरडा पार्टी हा आपल्याकडचा सगळ्यात यशस्वी शेती-पाहुणचार ठरला आहे. पण त्यात पाहुण्याच्या पोराला आपल्या हाताने काही तोडल्याचं समाधान मिळत नाही.

मग उरतं आमचं गरीब डांगर. मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्याकडे इतकं रुळलं की लेकीकडून परतणारी म्हातारी भोपळ्यात बसली नसती तर आपल्या पोरांचं बालपण अपुरं राहिलं असतं. आज भोपळा पिकवणाऱ्या देशांत चीनबरोबर भारताचं नाव पहिल्या रांगेत येतं. आणि तरी आपण त्याला बांधावर टाकतो. मक्यात एखादा वेल, उकिरड्याशेजारी एखादा, कुंपणावर चढलेला एखादा. बाजारात त्याच्या फोडी विकतात आणि 'शून्य' म्हणून परीक्षेत त्याचं नाव घेतात.

पाहुण्याच्या बाजूने पाहिलं तर याच्यासारखं पीक नाही. जून-जुलैत बी टोकलं की ऑक्टोबरमध्ये फळ तयार होतं, म्हणजे नेमकं दसरा-दिवाळीच्या मधे. फळं पक्व व्हायला आली की वेल वाळायला लागतो. त्यामुळे कुणी वेलावर पाय दिला तरी उद्याचं नुकसान नाही. त्या रानाचं काम संपलेलंच असतं. साल इतकी टणक की लहान मूल त्यावर बसलं तरी चालतं. तोडल्यावर घाई नाही. देठासकट तोडलं, सालीला जखम झाली नाही आणि कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवलं तर महिनोन् महिने टिकतं. आमच्या आजोळी माळ्यावर ठेवलेली डांगरं शिमग्यापर्यंत पुरत. आणि प्रत्येक फळाचा आकार वेगळा असल्यामुळे निवडण्यात खरंच गंमत आहे. दहा वर्षांच्या मुलाला द्राक्षाच्या दोन घडांतला फरक कळणार नाही, पण दोन डांगरांत 'हे माझं' असं तो लगेच म्हणेल.

निवडण्याची विद्या आपल्या घरोघरच्या आज्यांकडे आहे. फळाजवळची तणाव्याची तार वाळलेली हवी. देठ हिरवा-मऊ नको, खडबडीत आणि राखाडी हवा. सालीवर नख रोवून बघायचं. रुतलं तर फळ कच्चं. जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झालेला असावा. तोडताना विळ्याने चार बोटं देठ ठेवून कापायचं आणि उचलताना देठाला धरायचं नाही, दोन्ही हात खाली घालून उचलायचं. देठ तुटला की तिथून सड शिरते. पाहुण्यांना एवढं पाच मिनिटांत शिकवता येतं, आणि चुकलं तरी शेतकऱ्याचं फार तर एक फळ जातं.

भोपळा पारखून घेण्याची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. मिरजेला या. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते डांगर नव्हे, तो जाड सालीचा कडू भोपळा. त्याचा घेर, गोलाई, सालीची जाडी पाहून कारागीर तो घेतो, कारण पुढे पन्नास वर्षं कुणाचा तरी षड्ज त्यातून घुमणार असतो. भोपळ्याकडे इतक्या गांभीर्याने पाहणारी माणसं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे भोपळ्याचं शेत बघायला माणसं येणार नाहीत, हे मला खरं वाटत नाही.

अमेरिकेचं सगळंच उचलायचं कारण नाही. तिकडचे दारात ठेवायचे भोपळे कोरण्यासाठी वाढवलेले, गर पाणचट. बहुतेक नंतर फेकून देतात. ताईला सगळ्यात जास्त राग याचाच आला. आपलं डांगर आधी खायचं आहे. शेतातच चूल मांडून गुळातले घारगे तळावेत, दह्यातलं भरीत करावं, भाकरीबरोबर मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी वाढावी, भाजलेल्या बिया पुडीत द्याव्यात. गावातल्या बचत गटाला चार दिवसांचं काम मिळेल. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. मोठा खर्च करून खोल्या बांधायच्या आणि पोहण्याचा तलाव खणायचा, असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. दहा गुंठे डांगर, सावलीचा मांडव, स्वच्छ संडास, गाड्या लावायला मोकळी जागा आणि एक तोलकाटा, एवढ्यावर दिवाळीची सुट्टी निघू शकते. रान आधी फिरून साप-किरडू बघून ठेवावं, कारण वाळल्या वेलीखाली त्यांनाही बरं वाटतं.

धोका एकच आहे. एकाचं चाललं की शेजारचे वीस जण तेच करतात आणि मग बाजार समितीतून आणलेली डांगरं रानात मांडून ठेवली जातात. परदेशातही काही ठिकाणी असं चालतं. मुलांना ते कळत नाही, पण देठाकडे बघितलं की मोठ्यांना कळतं. तसं करू नये. पाहुणा पैसे देतो ते वेलावरून फळ सुटतं तो क्षण बघायला.

पाहुण्यांनाही एक सांगायचं आहे. शेतात भाव करू नका. तुम्ही तिथे डांगराचे पैसे देत नाही. चार महिने कुणीतरी राखलेल्या रानात तुमच्या पोराला हुंदडू दिल्याचे पैसे देता. मंडईतल्या दराशी त्याची तुलना करायची असेल तर मंडईतच जावं, तिथे फोड मिळते.

ज्यांची जमीन वाई, भुईंज, कोरेगाव, कराडच्या रस्त्याला लागून आहे, त्यांनी पुढच्या वर्षी मक्याच्या कडेला चार ओळी डांगराच्या लावून बघाव्यात. सुरुवातीला मंडपही नको, पाटीही पुठ्ठ्याची चालेल. बी विकत घ्यायचीही गरज नाही. या दिवाळीत घरात जे डांगर कापाल त्याच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घालून ठेवा. टोकायचं जूनमध्ये आहे.