वाऱ्याचा अंदाज कोणासाठी?

खारे वारे आणि मतलई वारे हा भूगोलाचा धडा आपण सर्वांनीच शाळेत पाठ केला. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, वारा उलट फिरतो. कुर्ल्यातील श्रमिकांच्या फुप्फुसांत हा धडा रोज नव्याने लिहिला जातो. हिवाळ्याच्या रात्री पूर्वेकडून मंद वारा सुटला, की देवनार-गोवंडीची हवा वस्तीत शिरते. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, मग धूर वर जाणार कसा? जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

हा प्रवास आता आधी सांगता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा २०१५ साली मुंबईत सुरू झाली. कोठून किती धूर निघतो याची नोंद आणि वाऱ्याचे गणित यांची सांगड घालून ती एक ते तीन दिवसांचा अंदाज बांधते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वाऱ्याची दिशा पालटण्यास विलंब होऊ लागला आणि धूलिकण समुद्रावर न जाता शहरातच साचले.

विज्ञानाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ‘हवा वाईट आहे, बाहेर पडू नका’ हा सल्ला ज्याचे काम बंद खिडकीआड चालते त्यालाच पाळता येतो. स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्याने, वांद्रे-कुर्ला संकुलात सळ्या बांधणाऱ्या मजुराने तो पाळला तर त्याची चूल पेटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्र्यांचा नियम काढला. पत्रा थोडीफार धूळ अडवील; रात्रीचा वारा काही अडवणार नाही!

वारा पडणार असा अंदाज येताच धूळ-धूर करणारी कामे त्या दिवसांपुरती थांबली पाहिजेत, आणि त्या दिवसांची मजुरी मजुराला मिळाली पाहिजे. ही दुसरी अट सुटली तर पहिली मागणी आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देईल. दिल्लीत नोव्हेंबर २०२१ मध्ये बांधकामबंदी घालताना सर्वोच्च न्यायालयाने कामगार उपकराच्या निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता देण्यास सांगितले होते. १९९६ च्या कायद्याने आणलेला तोच उपकर महाराष्ट्रातही गोळा होतो. तेव्हा पैसा कोठून आणायचा, हे मंत्रालयाने विचारू नये. मात्र भत्ता नोंद असलेल्या मजुरालाच मिळतो. म्हणून नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांची कल्याणकारी मंडळाकडील नोंदणी कुर्ल्यातील कार्यकर्त्यांनी हिवाळ्यापूर्वीच हाती घ्यावी.