फ्लॅशचा उजेड आणि सावळा रंग

लग्नाचा अल्बम हा आपल्या घरातील एक ग्रंथच असतो. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्या घरातही तो असतो आणि पोथीसारखा जुन्या साडीत गुंडाळून जपलेला असतो. असे असूनही त्यातील चेहरे नीट उमटावेत म्हणून आपण किती विचार करतो? पंगतीत जिलेबी वाढायची की गुलाबजाम, यावर घरात आठवडाभर खल होतो. उजेडाबद्दल मात्र कोणी एक शब्द बोलत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे मामा कल्याण पूर्वेला राहतात आणि ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लग्नांचे फोटो काढतात. गेली दोन वर्षे लग्नसराईत मी त्यांची बॅग सांभाळते, सेल बदलते आणि हल्ली दुसरा कॅमेराही चालवते. कला शाखेच्या मुलीने प्रकाशाचे नियम कशाला सांगावेत, असे प्राध्यापक म्हणतील. पण माझे मत मी या अनुभवाच्या जोरावर मांडते आहे. साध्या लग्नांतील फोटो बिघडतात ते पैसा नसल्यामुळे नव्हे. ते बिघडतात चेहऱ्यावर थेट मारलेल्या फ्लॅशमुळे, आणि त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे.

फ्लॅशचे तोंड जेमतेम काडेपेटी-दोन काडेपेट्यांएवढे असते. उजेडाचा उगम जितका लहान, तितकी सावली कडक. म्हणून नवरीच्या मागच्या पडद्यावर तिची काळीकुट्ट आकृती उमटते. वैशाखातील घामाने ओले झालेले कपाळ चकाकते. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे पाच फुटांवरची नवरी पांढरीफटक दिसते आणि दहा फुटांवर उभी असलेली आत्या अंधारात जाते.

आता तोच फ्लॅश वर, पांढऱ्या छताकडे वळवा. छताचा मोठा भाग उजळतो आणि तोच उजेडाचा नवा उगम होतो. नवरी आणि आत्या या दोघींपासून छताचे अंतर जवळपास सारखेच, म्हणून दोघी सारख्या उजळतात. मात्र नुसता वरून आलेला उजेड डोळ्यांच्या खोबणीत सावली पाडतो. त्यासाठी फ्लॅशच्या मागे वहीच्या पानाएवढा पांढरा कार्डपेपर रबरबँडने बांधावा. तो थोडा उजेड पुढे ढकलतो आणि डोळ्यांत चमक येते. खर्च दहा-वीस रुपये. छतावर आपटून आलेला उजेड कमी पडतो हे खरे. पण आजचे डिजिटल कॅमेरे आयएसओ ८०० किंवा १६०० वरही चांगले चित्र देतात.

गंमत अशी की या बाबतीत गरिबाचे घर श्रीमंताच्या लॉनपेक्षा सोयीचे ठरते. चाळीतील चुना दिलेल्या, ठेंगण्या छताच्या खोलीत हळदीचे फोटो सुरेख येतात. लॉनवर वर आकाश असते. तिथे फ्लॅश वळवून उपयोग नाही. आणि मांडवाचे कापड लाल-गुलाबी असेल तर चेहरेही लाल-गुलाबी होतात. अशा वेळी मामा टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा पत्रा किंवा धुतलेली पांढरी चादर माझ्या हातात देतात. मी ती बाजूला धरते आणि फ्लॅश तिच्यावर मारला जातो. अंतरपाट धरलेला असताना तर भटजींनीच आपली सोय केलेली असते! नवरीच्या बाजूने त्या पांढऱ्या कापडावर उजेड टाकला की तिच्या चेहऱ्यावर तो शिरशिरीत रेशमासारखा परत येतो. एक इशारा मात्र देते. फ्लॅशच्या तोंडावर नुसता बटरपेपर चिकटवून फारसे काही साधत नाही, कारण उगमाचा आकार तेवढाच राहतो.

ही केवळ गरिबांची जुगाडबाजी आहे असे कोणी समजू नये. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्यात उभारले होते. छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी त्या अंगणावर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिवे मारून परत आलेल्या उजेडात चित्रण केले. जगभर वाखाणल्या गेलेल्या कलाकृतीत जे चालले, ते डोंबिवलीच्या हॉलमध्ये का चालू नये?

आता मूळ मुद्दा. माझ्या ताईच्या लग्नात मामांना नवरीच्या पाठीशी उभे राहायचे होते. मामा कॅमेऱ्यामागे कसे जाणार? म्हणून फोटो बाहेरच्या माणसाने काढले. ताई माझ्यासारखीच सावळी आहे. अल्बममध्ये मात्र तिचे तोंड पिठात बुडवल्यासारखे आणि हात तिच्या खऱ्या रंगाचे! थेट फ्लॅशने अर्धे काम केले होते, उरलेले कॉम्प्युटरवर झाले. ताई तो अल्बम कोणाला दाखवत नाही. “त्यात मी कुठाय?” असे ती एकदाच म्हणाली.

हा दोष एका माणसाचा नाही. रंगीत फोटोंच्या छपाईचे मापच गोऱ्या कातडीवरून ठरले होते. १९५० च्या दशकापासून कोडॅकच्या छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘शर्ली कार्डा’वर गोऱ्या बाईचाच फोटो असे. पुढे फिल्म सुधारली, तीही चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या जाहिरातदारांनी तक्रारी केल्या म्हणून, असे त्या कंपनीत काम केलेल्यांनीच सांगून ठेवले आहे. माणसांच्या रंगापेक्षा चॉकलेटच्या रंगाची काळजी अधिक! आज कॅमेऱ्यांना सावळा रंग उत्तम टिपता येतो. न टिपण्याचे कारण यंत्रात उरलेले नाही. ते आपल्या डोळ्यांत आहे.

यावर फोटोग्राफर मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला : मुहूर्ताच्या घाईत छत्र्या-स्टँड मांडायला सवड कुठे असते? बरोबर आहे, म्हणूनच मी कार्डपेपर आणि रबरबँड सांगते आहे. ते सकाळी एकदा बांधले की रात्रीच्या पाठवणीपर्यंत राहते. दुसरा आक्षेप खरा अवघड आहे : गिऱ्हाईकालाच मुलगी गोरी हवी असते. तसे ते मागते हे मी स्वतः ऐकले आहे. पण मऊ उजेडातील पहिला फोटो कॅमेऱ्यावर दाखवला की कित्येकदा तीच आई म्हणते, “हिचं नाक अगदी माझ्या आईसारखं आहे, नाही?” ओळख पटली की गोरेपणाची मागणी आपोआप मागे पडते. फोटोग्राफरने निदान तेवढी संधी द्यायला हवी.

आपण ज्या विठ्ठलाचे सावळेपण गातो, त्याच रंगाच्या लेकीला बोहल्यावर पीठ फासतो, हे मला पटत नाही. आपल्यापैकी अनेकजण सुट्टीत लग्नांची कामे करतात. अनेकींची लग्ने लवकरच होतील. पहिल्यांनी फ्लॅश वर वळवावा आणि दुसऱ्यांनी फोटोग्राफर ठरवताना भावाबरोबरच एक प्रश्न विचारावा : “माझा रंग माझ्यासारखाच येईल ना?”