दारुहळदीची भावंडे आणि गव्हाचा तांबेरा



कापूस-ज्वारीवाल्यांच्या अंकात गव्हाच्या रोगाचे आणि परदेशी झुडपाचे काय काम, असे कुणी विचारील. थोडे ऐकून घ्या.

दारुहळद आपण औषधात ऐकतो. काटेरी झुडूप, लाकूड आतून पिवळे. रसांजन तिच्याच काढ्याचे. हिमालयात आणि निलगिरीत ती व तिची भावंडे वाढतात, आपल्या काळ्या रानात नाहीत. तिच्या शेकडो जाती. त्यातली युरोपची बार्बेरी लोकांनी अमेरिकेत नेली. या झुडपाजवळचा गहू आधी तांबेऱ्याने मरतो, हे शेतकऱ्यांना दिसले. १७२६ मध्येच कनेक्टिकटात ते उपटण्याचा कायदा झाला. विद्वानांना मात्र पटेना. १८६५ मध्ये जर्मनीत आंतोन द बारी यांनी दाखवले, की खोडावरच्या तांबेऱ्याची एकच बुरशी आयुष्याचा एक भाग गव्हावर आणि दुसरा बार्बेरीवर काढते. मधली एकशे एकोणचाळीस वर्षे शेतकऱ्याचे डोळे खरे होते, पण त्यांना पदवी नव्हती. (आमच्याकडे पदवी आहे, म्हणून हे जरा लाजतच लिहितो.)

१९१६ मध्ये अमेरिकेत तांबेऱ्याने गहू बुडाला. १९१८ पासून सरकारने मोहीम काढली. बुंध्यात मीठ ओतले, रॉकेल ओतले, शाळेची पोरे झुडपे शोधत हिंडली. कोट्यवधी झुडपे गेली. पण शोभेची जपानी बार्बेरी राहू दिली, कारण तिच्यावर हा तांबेरा चढत नाही. दिसायला बहिणी, पण एक गुन्हेगार आणि दुसरी निर्दोष.

मग आपल्याकडेही दारुहळद उपटायची का? आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता पुस्तकावर विसंबले नाहीत. वर्षानुवर्षे तपास करून त्यांनी दाखवले, की आपल्या तांबेऱ्याला डोंगरातल्या दारुहळदीची गरजच पडत नाही. मैदानी उन्हाळ्यात तो मरतो, निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत गव्हावरच जगतो आणि वाऱ्याबरोबर परत येतो. अमेरिकेचा हुकूम इथे जसाच्या तसा चालवला असता, तर डोंगरातल्या लोकांचे औषध गेले असते आणि तांबेरा होता तिथेच राहिला असता.

आता आपल्या बांधावर या. २००७ च्या आसपास कापसावर पिठ्या ढेकूण आला. तो गाजरगवतावरही राहतो, पेटारीवरही. पण सल्ला बहुधा एका ओळीचा मिळतो: बांध स्वच्छ ठेवा. म्हणजे भाजीचा तरोटा, कुरडूही काढायची आणि मजुरी आपल्याच खिशातून द्यायची. कोणते तण कोणत्या किडीला आसरा देते, हे नावानिशी सांगा, एवढीच आमची मागणी आहे.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने बांधावरच्या, कीड दिसलेल्या तणाची एकेक फांदी कागदी पिशवीत आणावी. पिशवीवर गावातले नाव, महिना आणि शेजारचे पीक लिहावे. जिवंत कीड मात्र आणू नका, तिचे फक्त वर्णन लिहा.