साठ पैशांचं वेळापत्रक

आमची आई भाट्याला एकटी असते. नारळाची दहा-बारा झाडं, विहीर आणि विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप, एवढा तिचा संसार. मी पुण्यात बसून त्या संसाराला सल्ले देतो.

१ जुलै २०२५ पासून महावितरणने, नवे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांसाठी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली. दिवसा सौर वीज भरपूर मिळते, ती तेव्हाच वापरली जावी, हा हेतू. पूर्वी कारखान्यांना सवलत मिळे ती रात्रीच्या विजेवर. म्हणजे घड्याळच उलटं झालं म्हणायचं!

झालं, मी उत्साहाने टायमर घेतला आणि भाट्याला जाऊन पंपाला लावला. रोज ११ ते १२. आईला विचारलं नाही, फक्त सांगितलं.

पावसाळ्यात एकदा पहाटे ५ ला गेलेली वीज दुपारी ३ ला आली. टायमर साधा, विजेवरच फिरणारा. तो दहा तास मागे पडला आणि रात्री ९ ला त्याच्या हिशेबाने सकाळचे ११ वाजले. पंप सुरू, टाकी भरून वाहायला लागली, आणि बटण विहिरीजवळच्या खोपीत. चौऱ्याहत्तर वर्षांची आई भर पावसात, बॅटरी घेऊन, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून गेली. हे मला आठवड्याने कळलं.

"अरे, दिवेलागणीनंतर मी विहिरीकडे जातच नाही कधी," ती म्हणाली. "पूजा झाली की दहाला पंप लावते. टाकी भरली की बंद."

दहाला! म्हणजे सवलत तिला माझ्या टायमरशिवायही मिळतच होती. हिशेब केला. तासाला पाऊण युनिट, म्हणजे दिवसाला साठ पैसे, महिन्याला अठरा रुपये. त्यासाठी मी तिला रात्री विहिरीवर पाठवलं.

वेळ पाहून वीज वापरण्याला माझा विरोध नाही. अठरा रुपये का सोडा? मोबाईलवरचा महागडा प्लग कदाचित वेळ चुकला नसता. पण टाकी भरली, पायरी निसरडी झाली, हे त्यालाही कळत नाही. घरात राहणाऱ्या माणसाचं वेळापत्रक आधी विचारावं, यंत्राचं नंतर ठरवावं. आईचं तर आधीपासूनच सूर्यावर चालतं.

असो. टायमर आता पुण्याच्या कपाटात आहे. इथे ९ ते ५ घरी कुणीच नसतं, आणि आमचं वॉशिंग मशीन अजून रात्रीच लागतं.